जीटीओ विकणे आहे

विकायची ठरल्यावर जाहिरातीचा पहिला मसुदा मी असा लिहिला: ‘१९६८ची पॉन्टिॲक जीटीओ, दोन दारी हार्डटॉप. ४०० क्युबिक इंचांचं इंजिन मूळचं. गिअरबॉक्स मूळचा नाही. रंग मूळचा नाही. डिकीचा पत्रा बदललेला. डाव्या मागच्या चाकाच्या पाठीमागे पुट्टी भरलेली आहे.’ आमच्या शेजारी पॉन्टिॲकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. त्यांना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "गाडी विकतोयस की तिच्यावर खटला भरतोयस?"

मसुदा मी फारसा बदलला नाही. वाक्यं पुढेमागे केली, फोटो घातले, एवढंच.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयला राहतो. पिंपरी-चिंचवडला डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर उमेदवारी करून इकडे आलो आणि इंजिन कॅलिब्रेशनमध्येच, म्हणजे इंजिन मोजूनमापून जुळवण्याच्या कामात, राहिलो. ही गाडी घेतली २००९ साली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने पॉन्टिॲक हा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं होतं. विकायचं कारण अगदी रुक्ष आहे. मुलं घराबाहेर पडली, आम्ही घर लहान करायचं ठरवलं आणि नव्या घराच्या गॅरेजमध्ये जेमतेम एक गाडी मावते. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ही गाडी त्यात बाहेर काढली की दोन-तीन हिवाळ्यांत खालचा पत्रा खलास. ती भाड्याच्या जागेत ठेवायची कल्पना मी मांडून पाहिली. बायको म्हणाली, "धूडाला भाड्याचं घर आणि आपण लहान घरात?" विषय संपला.

ज्यांना या गाड्यांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा सौदा त्यावरच उभा आहे. मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, घरगुती, परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये दंडक होता की मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकचा तेव्हाचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. नियम गाडीच्या मॉडेलला होता, जादा सामानाला नव्हता. मग १९६४च्या टेम्पेस्ट लमान्स या मध्यम गाडीवर ‘जीटीओ’ हे ऑप्शन म्हणून द्यायला सुरुवात झाली: तीनशे डॉलरच्या आत ३८९ इंचांचं इंजिन आणि सोबतचा सरंजाम. नाव फेरारीच्या गाडीवरून सरळ उचललेलं. गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या, वरिष्ठ गप्प बसले आणि १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं. १९६८ला बांधा नवा आला, पुढचा बंपर एंड्युरा नावाच्या लवचिक मटेरियलचा, गाडीच्याच रंगात रंगवलेला, आणि ‘मोटर ट्रेंड’ने तिला त्या वर्षीची उत्कृष्ट गाडी ठरवलं. माझी ती या सालातली.

ऑप्शन की मॉडेल, हा प्रश्न विकताना पहिल्याच फोनवर येतो. फोन उचलला की समोरचा ‘हॅलो’नंतर विचारतो, "नंबर कशाने सुरू होतो?" १९६६ ते १९७१च्या जीटीओचा व्हीआयएन, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला ओळख क्रमांक, २४२ने सुरू होतो; १९६८च्या लमान्सचा २३७ने. म्हणजे लमान्सला जीटीओचं बॉनेट, बिल्ले आणि पट्टे लावून कुणी विकायला आणली तर नंबरच्या पट्टीवरच (१९६८पासून ती डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेतून दिसते) पकडली जाते. शेव्हरोलेवाल्यांना ही सोय नाही. त्यांच्या शेवेल या गाडीची ‘एसएस’ १९६९पासून ऑप्शन झाली, त्यामुळे त्या नंबरावरून अस्सल-नक्कल कळतच नाही आणि म्हणून तिथे बनावट माल उदंड. माझा नंबर तेरा अक्षरांचा: २४२, मग ३७ म्हणजे हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेला बांधा), ८ म्हणजे १९६८, पी म्हणजे पॉन्टिॲक गावचा कारखाना, आणि शेवटी अनुक्रमांक. तो कारखाना माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्याही आत होता. गाडी जन्मली तिथून फार लांब गेलीच नाही आणि गंजाची सगळी कुळकथा त्यात आली.

दुसरा प्रश्न इंजिनचा. ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिनवरचे आकडे गाडीच्या नंबराशी जुळणारे, हे दोन शब्द या धंद्यात मंत्रासारखे म्हटले जातात आणि तितकेच अर्थ न कळता. माझ्या आधीच्या मालकाने मला तेच सांगून गाडी विकली होती, आणि त्याच्या परीने तो खोटं बोलत नव्हता. इंजिन होतं मूळचंच. पण ते सिद्ध करणं वेगळं.

यासाठी एक शनिवार मी गाडी स्टँडवर चढवून तिच्या पुढ्यात घालवला. इंजिनच्या पुढच्या अंगाला, प्रवाशाच्या बाजूच्या हेडखाली मशिनवर सपाट केलेली एक लहानशी जागा असते. तिथे कारखान्यात दोन अक्षरं ठोकलेली असतात आणि १९६८पासून ब्लॉकवर व्हीआयएनचा शेवटचा भागही ठोकू लागले. माझ्या तिथे पन्नास वर्षांचं ऑईल, धूळ आणि कधीतरी घाईत मारलेला निळा रंग होता. तार-ब्रशने दोन मिनिटांत निघाला असता. पण तो तिथे लावायचा नाही, पॉलिश पेपर तर बिलकूल नाही. कारण कास्टिंगवर मूळच्या मशिनिंगच्या बारीक रेघा असतात. त्या पुसल्या गेल्या की जाणकार गिऱ्हाईक म्हणतं, इथे जुने आकडे घासून नवे ठोकलेत. मग तुम्ही कितीही सज्जन असा. मी कपड्याला थिनर लावून, कानातला कापूस फिरवावा तसा हळूहळू तो थर सोडवत गेलो. आधी नुसताच मळ, मग निळा रंग, मग राखाडी बिडाचा पोत, आणि तिरप्या टॉर्चच्या उजेडात एकदम ‘वाय’चा उजवा हात दिसला. पुढे ‘एस’. वायएस म्हणजे ४०० इंच, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, ३५० अश्वशक्ती आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी. खाली टायमिंग कव्हरच्या शेजारी व्हीआयएनचे आकडे, शेवटचा ‘६’ जरा वाकडा पडलेला. कुणा कामगाराच्या हातून हातोडा तिरका बसला असणार. तो वाकडा सहा मला सगळ्यात मोलाचा वाटला. बनावट करणारा इतका निष्काळजी नसतो. फोटो काढले, वरून पातळ ऑईल फिरवलं.

तर इंजिन अस्सल, पण ऑटोमॅटिकसाठीचं. आणि माझ्या गाडीत तीन पेडल आणि हर्स्टचा चार गिअरचा दांडा. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी मूळचा टर्बो-हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हाताने बदलायचा मुन्सी बसवला. हे तसं अंगावरही लिहिलेलं आहे. चार गिअरच्या गाडीला कारखान्यातच जमिनीच्या पत्र्यावर वेगळा उंचवटा जोडायचे. माझ्या गाडीचा उंचवटा खालून पाहिला तर वेल्डिंगची रेघ स्वच्छ हातकाम सांगते.

यावरचा शेवटचा शब्द मात्र कागदाचा. पॉन्टिॲकवाल्यांचं एक भाग्य आहे, जे शेव्हरोलेवाल्यांच्या वाट्याला आलं नाही: १९६१ ते १९८६च्या गाड्यांच्या मूळ बिलिंगच्या नोंदी मायक्रोफिल्मवर शिल्लक राहिल्या आणि पीएचएस ही मिशिगनमधलीच संस्था फी घेऊन आपल्या व्हीआयएनची नोंद शोधून देते. फोर्डवाल्यांकडे त्यांच्या तोडीचा मार्टी रिपोर्ट आहे. शेव्हरोलेवाला मात्र सीटच्या स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर कुठे उंदरांनी शिल्लक ठेवलेला बिल्ड शीटचा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्यातला, कागद सापडतो का, ते शोधत बसतो. माझा कागद आला: रंग व्हर्डोरो ग्रीन, काळं व्हाइनिलचं छत, ऑटोमॅटिक, पॉवर स्टिअरिंग, मिटणारे हेडलाइट, एएम रेडिओ. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या, पट्टीत रंगाच्या रकान्यात ‘क्यू’ हे अक्षर होतं, ते या हिरव्याचंच. बॉनेटवर इंजिनचे फेरे दाखवणारा जो टॅकोमीटर बसवलेला आहे, ज्याच्याशी लोक फोटो काढतात, तो कागदावर नाहीच. नंतरचा.

मित्रमंडळींचं म्हणणं पडलं की एवढं कशाला सांगतोस? विचारलं तर सांग. मला ते पटत नव्हतं आणि त्यात सचोटीपेक्षा हिशेब जास्त होता. ज्या गिऱ्हाइकाला व्हीआयएन वाचता येतो त्याला गिअरबॉक्स कळायला दहा मिनिटं लागतात. त्याला तो स्वतः सापडला तर तो दोन हजार पाडतो आणि वर बाकी काय लपवलंय याचे आणखी दोन. आपणच सांगितला तर तो किमतीत आधीच धरलेला असतो.

किंमत ठरवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. इथे गाडीची अवस्था एक ते चार अशा आकड्यांत सांगतात. एक म्हणजे प्रदर्शनात जिंकणारी, चार म्हणजे चालते पण डागडुजी हवी. लिलावात टीव्हीवर जे आकडे दिसतात ते एक आणि दोनचे, आणि प्रत्येक मालक स्वतःची गाडी दोन समजतो. माझी तीन. लांबून झकास, जवळून वयाची. टीव्हीवरच्या लिलावांचा मोह मलाही पडला होता. पण तिथे आधी प्रवेश फी, मग कमिशन, गाडी नेण्याआणण्याचा खर्च आणि ऐन वेळी हात वर करणारे दोघेच असले तर पडेल त्या भावाला द्यायची तयारी. त्यापेक्षा घरी बसून विकू म्हटलं. माझा विमा ट्रॅव्हर्स सिटीच्या हॅगर्टीचा आहे. या जुन्या गाड्यांचा विमा घसाऱ्यावर नसतो, दोघांनी आधी ठरवलेल्या किमतीवर असतो. तो आकडा, पीएचएसचा कागद आणि गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या ऑटोमॅटिक व चार गिअरच्या गाड्या समोर ठेवून मी ३९,५०० डॉलर मागायचे ठरवले. १९६८ला शोरूममध्ये ही गाडी साधारण ३,१०० डॉलरपासून सुरू व्हायची.

विकायला महिना ऑगस्टच घेतला आणि त्याला कायद्याचं कारण होतं. मिशिगनमध्ये सव्वीस किंवा त्याहून जास्त वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, स्वस्तात, दहा वर्षांसाठी. पण ती गाडी क्लबचे मेळावे, प्रदर्शनं, मिरवणुका अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. अपवाद ऑगस्टचा. त्या महिन्यात कुठेही हिंडा, दूध आणायला न्या. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वुडवर्ड असणार, कारण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५पासून चालू आहे. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंतचा रस्ता जुन्या गाड्यांनी भरतो आणि दोन्ही कडेला लोक खुर्च्या टाकून सकाळपासून बसतात. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री शर्यती लावायची. रॉयल ओकची रॉयल पॉन्टिॲक ही डीलरशिप जीटीओचं इंजिन आणखी तिखट करून द्यायची, त्या गाड्यांना ‘बॉबकॅट’ म्हणत. म्हणजे माझ्या मालाला याहून चांगली बाजारपेठ नाही.

मी पहाटे जाऊन एका दुकानाच्या आवारात जागा धरली, मागच्या काचेला पाटी लावली आणि बॉनेट उघडं टाकून बसलो. दिवसभर गर्दी. पण विकत घेणारा आणि आठवण सांगणारा यांतला फरक ओळखायला तासभर लागतो. आठवण सांगणारा सरळ गाडीपाशी येतो, हात छतावर ठेवतो आणि म्हणतो, माझ्याकडे होती अशीच. मग व्हिएतनामला जाण्याआधी विकली, लग्नाच्या वेळी विकली, झाडावर घातली. १९७०नंतर विमा कंपन्यांनी तरुण पोरांना हप्ते असे लावले की गाडीच्या हप्त्यापेक्षा विमा जड, असं सांगणारेही बरेच. ते ऐकताना मला खरंच मजा आली. पुढे धुरावरचे नियम कडक झाले, इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरलं, १९७३ला अरब देशांनी तेल अडवलं आणि १९७४ला जुनी जीटीओ संपली, हे आपण पुस्तकात वाचतो. ही माणसं ते स्वतःच्या खिशातून सांगत होती. विकत घेणारा मात्र छताला हात लावत नाही. तो आधी गुडघ्यावर बसून चाकामागचा पत्रा बघतो.

दुपारी महाराष्ट्र मंडळातली चार कुटुंबं आली. त्यांच्याकडे पुण्याहून आलेले एक काका होते. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, आत बघितलं, आणि मला वाटलंच होतं तो प्रश्न विचारला: "ॲव्हरेज किती देते?" लिटरला चार, उताराला पाच, मी म्हणालो. काका काही क्षण गप्प. मग अत्यंत कनवाळूपणे म्हणाले, "मग बरोबर आहे तुमचं. काढून टाका." ३५० अश्वशक्तीचा आकडाही त्यांना मी सोलून दाखवला: तो जुन्या पद्धतीने, अल्टरनेटर-सायलेन्सरशिवाय उघड्या इंजिनवर मोजलेला. १९७२पासून जसं मोजू लागले तसं मोजलं तर बराच कमी भरतो. तुमच्या कॅलिब्रेशनवाल्यांना विकता येत नाही, असं बायकोचं मत.

क्रूझमध्ये गाडी विकली गेली नाही. बरेच फोन नंबर मात्र जमले आणि जाहिरातीवरही माणसं येत होती. यातली निम्मी फक्त एक ओळ पाठवतात: ‘शेवटचा भाव?’ गाडी न बघता, नाव न सांगता. त्यांना मी मागितलेलीच किंमत परत पाठवायचो. एक जण मात्र फार सभ्य होता. गाडी न पाहताच घेतो म्हणाला, कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, पाठवतो, चेक चार हजारांनी जास्त असेल, तो फरक तुम्ही माझ्या ट्रकवाल्याला द्या. हा इथला जुना डाव आहे. चेक बँकेत भरला की पैसे खात्यात दिसतात, ट्रकवाल्याला आपण खरे पैसे देतो, आणि काही दिवसांनी बँक कळवते की चेकच खोटा. मी त्याला म्हटलं, ट्रकवाल्याला घेऊन ये, मी चहा करतो. पुन्हा काही तो लिहिता झाला नाही.

शेवटी जो आला तो शेजारच्या ओहायो राज्यातल्या टोलीडोचा पाइपफिटर, चाळिशीचा, बोलायला कमी. सोबत त्याचा मामा. मामाच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, दांड्याला लावलेला आरसा आणि टॉर्च. तास-दीड तास त्यांनी गाडी चालू करायलाही सांगितली नाही. मामा चुंबक घेऊन खालच्या पत्र्यावरून फिरत गेला. चुंबक चिकटतं तिथे लोखंड, सैल पडतं तिथे पुट्टी. डाव्या मागच्या चाकामागे ते घसरलं तेव्हा त्याने भाच्याकडे पाहिलं, भाच्याने खिशातून माझ्या जाहिरातीचा कागद काढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दोघं पुढे गेले. मग मागच्या काचेचं बूड. व्हाइनिलचं छत असलेल्या गाड्यांत पाणी नेमकं तिथे कोंडून राहतं आणि पत्रा आतून खातं. माझ्या गाडीचं ते छत कधीच काढलंय, पट्टीच्या खिळ्यांची भोकं बुजवलेली आहेत. मामाने डिकीत आडवं होऊन आरशाने खालून पाहिलं. मग चॅसी: मागच्या एक्सलवर ती जिथे कमान घेते, तिथे हातोड्याच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला. ठणठणीत. मी एका बाजूला उभा राहून गप्प होतो. विकणाऱ्याने या वेळी बोलू नये असं मला वाटतं. बोललं की माणूस समोरच्या प्रश्नापेक्षा जास्त उत्तर देतो.

इंजिन त्यांना थंड हवं होतं, म्हणून मी सकाळपासून हात लावला नव्हता. भाच्याने बॉनेटवर तळवा ठेवून खात्री केली. पेडल दोनदा दाबून चोक बसवला, चावी फिरवली. क्षणभर ओढ घेतली आणि लागलं. पहिला मिनिटभर ते इंजिन उंच आणि खडबडीत चालतं, मग चोक सुटतो आणि आवाज खाली बसतो, पोटातून येतो तसा. धूर निळा नाही, पांढरा थोडा, तोही गेला. हेडलाइट लावले. ते व्हॅक्यूमवर उघडतात. उजवं झाकण चटकन वर गेलं, डावं विचार करून. हेही जाहिरातीत होतं. खाली जमिनीवर पुठ्ठा टाकला होता, त्यावर मागच्या सीलमधून ऑईलचे थेंब. या इंजिनांना मागचं सील दोरीचं असतं आणि थेंब न गळणारी पॉन्टिॲक कोरडी पडलेली असते, असं शेजारचे आजोबा म्हणतात. मामाला ते वाक्य आवडलं.

आधी मी चालवली, मग त्याला दिली. बिग बीव्हर रोडवरून वुडवर्डला, तिथून उत्तरेला लाँग लेकपर्यंत आणि परत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेव्हा अंतर ठेव, एवढंच मी सांगितलं. दुसऱ्या गिअरमध्ये त्याने पेडल पूर्ण दाबलं आणि कार्ब्युरेटरची मागची दोन मोठी दारं उघडली. तो जो हुंकार येतो त्यासाठी लोक ही गाडी घेतात, बाकी सगळी कारणं नंतर जोडतात. चढावर इंजिन जरा नॉक करतं. कॉम्प्रेशन पावणेअकराचं आणि आजचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल; मी टायमिंग दोन अंश मागे घेतलंय, पूर्ण गेलं नाही. त्याने ते ऐकलं आणि रेडिओ बंद आहे ना याची खात्री केली. रेडिओ बंदच होता. २००९पासून बंद आहे.

घासाघीस गॅरेजमध्ये उभ्यानेच झाली. तो म्हणाला चौतीस. कारण विचारलं तर म्हणाला, मला ती परत हिरवी करायची आहे आणि ऑटोमॅटिक शोधायचा आहे, म्हणजे तुमचा लाल रंग आणि तुमचा मुन्सी दोन्ही मला नकोत. हे मी अपेक्षिलं नव्हतं. या धंद्यात सगळे ऑटोमॅटिकची मॅन्युअल करतात, उलट कुणी जात नाही. मी म्हटलं, मुन्सी नको असेल तर तो विकून तुमच्या ऑटोमॅटिकचा खर्च वर पैसे राहून निघतो, त्यामुळे माझी किंमत कमी होत नाही, वाढते. मामा पहिल्यांदा हसला. भाचा म्हणाला पस्तीस. मी अडतीसवर आलो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, फक्त सायलेन्सर थंड होताना टिकटिक करत होता. मी सुट्या भागांची तीन खोकी दाखवली: जुना पॉइंट्सचा डिस्ट्रिब्युटर, मूळचं एअर क्लिनर, क्रोमच्या पट्ट्या आणि २००९पासूनच्या पावत्यांची फाइल. छत्तीस हजार आठशेला हात मिळवले. खोकी त्यातच.

पैसे त्याच्या बँकेच्या आमच्या गावातल्या शाखेत घेतले. कॅशिअरने चेक माझ्यासमोर छापला, मी तिथून सरळ माझ्या बँकेत. ओहायोच्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते, त्यामुळे तो नोटरी शोधत होता. मिशिगनच्या टायटलला ती लागत नाही. मी किंमत आणि तारीख घातली, सही केली. मायलेजचा रकाना एवढ्या जुन्या गाडीला माफ असतो आणि तेच बरं, कारण हिचा ओडोमीटर पाच आकडी आहे, लाख मैलांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो किती वेळा फिरला याचं उत्तर मायक्रोफिल्ममध्येही नाही. टायटलची झेरॉक्स काढून ठेवली. इथे आरटीओचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत चालतं आणि विकणाऱ्याने ही प्रत दीड वर्ष जपावी असं तिथे सांगतात. नवीन मालकाने नाव बदललं नाही आणि गाडी कुठे सापडली तर दंडाचं पत्र आपल्या दारी येऊ नये म्हणून. ऐतिहासिक प्लेट मी स्क्रू काढून घेतली. ती गाडीबरोबर जात नाही. विमा मात्र गाडी ट्रेलरवर चढून फाटकाबाहेर गेल्याशिवाय बंद केला नाही.

रात्री बायकोने फाइल घेऊन हिशेब मांडला. नफा झाला असेल तर कर भरावा लागतो, म्हणून तो मांडणं भागच होतं. खरेदी, डिकीचा पत्रा, कार्ब्युरेटर, टायर, क्लच, विमा. करात विमा आणि टायर धरता येत नाहीत, पण घरच्या हिशेबात तिने ते धरले आणि आकडा उणे आला. "म्हणजे धूडाने आपल्याला विकलं," ती म्हणाली, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

टोलीडोहून आठवड्याने फोन आला. डावा हेडलाइट आता अजिबातच उघडत नाही, मामा म्हणतोय नळी तुटली. मी म्हटलं, नळ्या मी सगळ्या बदलल्यात, बंपरमागच्या, झाकण ओढणाऱ्या ॲक्च्युएटरचा पडदा बघ, तो फाटला असेल. आणि तो बदलताना दोन्ही बाजूंचा बदल, नाहीतर पुढच्या वर्षी उजव्यासाठी फोन करशील.